मिक्सरवरचा हात

वडपे गावातल्या एका हळदीत आमच्या बँडच्या स्पीकरमधल्या घरघरीचं कारण मला सापडलं. म्हणजे, सापडलं नाही. तुम्ही काही वाचलेलं नाही. पाहुण्यांचे मोबाइल बंद केले, वायरी बदलल्या, नवरदेवालाही दोन फूट सरकवलं. घरघर चालूच. बोटं थरथरतात म्हणून बेंजो सोडलेले बाबा अनवाणीच उठले आणि साउंड मिक्सरच्या पत्र्यावर हात टेकून वाकले. आवाज स्वच्छ झाला. हात काढला की घरघर, ठेवला की गप्प. “काका, आता उठायचं न्हाय!” बेंजोवाला कल्पेश ओरडला. “बघ, माज्याबिगर बँड चालत न्हाय,” वर्षभर घरात मुके बसलेले बाबा मला म्हणाले. मिक्सरची निसटलेली अर्थिंगची तार माझ्या पायाशीच होती. ती मी सतरंजीखाली ढकलली. शेवटच्या गाण्यापर्यंत बाबांचा हात थरथरत होता, पण तालात. वीज कार्यालयास नम्र विनंती: आमच्या वडिलांना अर्थिंग म्हणून कायमस्वरूपी सेवेत घ्यावे.