निर्णायक मत

"काकी, आज तरी सांगा. तुमचा मत खंय जातला?" गुरुदासाने खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

"बस आधी. च्या घे," सुभद्रा म्हणाली आणि आत वळली.

समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांची वीज याच किनाऱ्यावर उतरणार होती. उपकेंद्रासाठी कंपनीला नेमकी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढायची जागा हवी होती. ग्रामपंचायतीत चार सदस्य बाजूने, चार विरोधात. निर्णायक मत सरपंचाचं, म्हणजे सुभद्राचं. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि दुसरी कुणी उभी राहिली नाही, म्हणून ती सरपंच.

नवरा गेल्यापासून सहा वर्षं तिच्या पायरीवर मीटर बघणाऱ्याखेरीज फारसं कुणी चढलं नव्हतं. आता मात्र ओटा रिकामा राहत नव्हता. सकाळी रापणकर, दुपारी पोरांना नोकरी लागेल या आशेवरचे आईबाप. शेजारच्या तुळसाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं, तीही फणसाची भाजी घेऊन आली. मुंबईचा धनेश दर रविवारी फोन करायला लागला. "आई, काय ठरवलंस?"

"इचार करतंय," ती सगळ्यांना सांगायची. "उद्या परत येवा."

रापणकर गुरुदासाने कप खाली ठेवला. "कोर्टात जावचा असला तर वेळ व्हयो, काकी."

"घाई कित्याक? पंचायत आपली आसा. आपल्या सहीशिवाय थंय एक खांबो उभो रवाचो नाय."

गुरुदास निश्चिंत होऊन गेला.

शेवटी सभा लागली. हात चार-चार वर झाले. मग सुभद्राने हात वर केला, विरोधात. रापणकरांनी तिला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. रापणकरांतली राधाबाई गळ्यात पडून रडली. सुभद्राला वाटलं, हिने अशीच धरून ठेवावं.

तालुक्याहून आलेला अधिकारी उठला. "ठराव नोंदवून घेतो, पण उपयोग नाही. या प्रकल्पाला पंचायतीची परवानगी लागतच नाही. हरकत थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवायची होती. तिची मुदत शुक्रवारी संपली."

"आमका कोणी सांगूक नाय!" गुरुदास ओरडला.

अधिकारी गोंधळला. "असं कसं? तीन महिन्यांपूर्वी या मुदतीचं पत्र मी स्वतः सरपंचबाईंच्या हातात दिलं. वाचून दाखवलं. गावाला आजच सांगते, म्हणाल्या होत्या."