ई राहिला

ताई इंग्रजीची शिक्षिका, धाकटा भाऊ कापडं रंगवायच्या कारखान्यात. “इंग्रजीत मेसेज केलास तरच उत्तर देईन,” हा तिचा दंडक. तोही इमानेइतबारे लिहायचा, ‘आय ॲम डाइंग.’ म्हणायचं असायचं, रंगवतोय. पण स्पेलिंगमधला ई खाल्ल्यामुळे अर्थ व्हायचा, मरतोय. ताई वर्गात सांगून हशा पिकवायची. रविवारी तिनं कानच धरला. “रंगवताना ई, मरताना नाही. शिरलं डोक्यात?” “शिरलं गं बाई,” निळ्या बोटांनी कान चोळत तो हसला. मंगळवारी मेसेज आला. पुन्हा ई नाही. ‘पालथ्या घड्यावर पाणी,’ असं उत्तर पाठवून ती वर्गावर गेली. संध्याकाळी कारखान्यातल्यांनी त्याचा मोबाइल तिच्या हातात ठेवला. काचेवर निळा अंगठा उमटला होता. छातीत कळ आली तेव्हा जवळ कुणी नव्हतं, म्हणाले. तिनं तोच मेसेज पुन्हा उघडला. या खेपेला स्पेलिंग बरोबर होतं.