राष्ट्रीय धावपटू सौ. प्रेरणा

प्रेरणा पळून घरी आली तेव्हा ओसरीत जमिनीवर तिचाच चेहरा पसरलेला होता. सतरंजीएवढा फ्लेक्स. गुंडाळी होऊ नये म्हणून एका टोकाला वरवंटा ठेवला होता आणि दुसऱ्या टोकाला सासऱ्यांची चप्पल. ‘चिकलठाण्याची शान, राष्ट्रीय धावपटू सौ. प्रेरणा शिवराज यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतला मोतीराम, आणि त्याचा फोटो प्रेरणाच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा. निवडणूक कोणतीही असो, मोतीराम बारमाही तयारीत असायचा.

“कसा झालाय?” सासऱ्यांनी, पुंजारामांनी, विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“मामा, हे कशाला?”

“कशाला म्हंजे? सून नॅशनलला निवडली गेली, आन चौकात फ्लेक्स नाय? लोकं मला नावं ठिवतील.”

कसली निवड नि कसलं काय! देशभरातल्या हौशी पळणाऱ्यांसाठी एक सभासद योजना निघाली होती. मोबाईलवर नाव घालायचं, वर्षाची फी भरायची, की कार्ड घरपोच. पळताना पडलं-झडलं तर विमा, बुटांवर थोडी सूट, बस. तिच्याबरोबर पळणारी सिडकोतली नीरजा तर हसलीच होती. “पळायला कसलं गं सभासदत्व? बूट घालायचे आणि सुटायचं.” नीरजाचं बरोबरच होतं. ती सुटायची तेव्हा तिला घरात कुणी विचारत नव्हतं.

इथं मात्र उंबऱ्याबाहेर पाय पडला की सासूबाई सुरू. “निघाली का सवारी? सून नांदायला आणली व्हती का पळायला?” द्वारकाबाईंचा हा पाठ रोज सकाळी न चुकता व्हायचा. मग परवा ते कार्ड आलं. त्यावर प्रेरणाचा फोटो, खाली नंबर, कडेला तिरंग्याची पट्टी. पुंजारामांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं आणि आपल्या मनानंच ठरवून टाकलं, की असलं कार्ड काय कुणालाही देत नाहीत. सरकारनं आपल्या सुनेला निवडलं. त्या क्षणापासून द्वारकाबाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. काल आणि आज प्रेरणा केंब्रिज चौकापर्यंत पळून आली, आणि घरात कुणी ब्र काढला नाही. एवढं सुख तिला लग्न झाल्यापासून मिळालं नव्हतं. म्हणून तीही मूग गिळून बसली.

आणि आता हा फ्लेक्स. चौकात लागला की पळायला येणाऱ्या सगळ्या बघणार, आणि त्यातल्या कितीतरी जणींकडे तेच कार्ड. हसं व्हायचं ते मामांचं होईल. पण आत्ता खरं सांगितलं, तर उद्यापासून पळणं कायमचं बंद. हेही तिला लख्ख दिसत होतं.

ओसरीच्या पायरीवर बसून मोतीराम सुतळीची गाठ सोडवत होता. “चला काका, ऊन व्हायच्या आत बांधून टाकू. मंग शाल-नारळ बी उरकायचंय.”

“थांबा,” प्रेरणा म्हणाली. “मामा, माझी कुठंच निवड झालेली नाय. पैसे भरले की ते कार्ड कुणालाबी भेटतं.”

मोतीरामचा हात सुतळीवरच राहिला. “कुणालाबी? मी भरले तरी?”

“तरी.”

मोतीरामनं एकदा स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

पुंजारामांनी वाकून फ्लेक्सवरची चप्पल उचलली आणि पायात घातली. ते टोक गुंडाळत गुंडाळत प्रेरणाच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. मामा ओरडले असते तर परवडलं असतं, असं तिला झालं. मारुतीच्या पारावर हा माणूस दोन दिवस छाती काढून बसला होता.

“आधी का नाय बोललीस, पोरी?”

“बोलले असते तर आज पळू दिलं असतं का, मामा?”

पुंजारामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं द्वारकाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता तोफ सुटणार, म्हणून प्रेरणानं मान खाली घातली.

द्वारकाबाईंनी कप खाली ठेवले. “कुणालाबी भेटतं म्हणतीस, तर त्याला वयाची काय अट?”

“नाय, मामी.”

“आन पळावंच लागतं का? नुसतं फिरून आलं तर?”

“तरी देतात.”

“शुगर निघाल्यापासून डॉक्टर कानीकपाळी ओरडतोय, सकाळचं फिरायला जा म्हणून. मंग माझं बी काढ एक.”

“तुला?” पुंजाराम म्हणाले. “तुला काय करायचंय कार्ड?”

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, “घे फोटो. रोडवर कुणी इचारलं, कुठं निघाल्या, तर दावायला असू दे.”