सहाचं प्रेशर

"काका, कमाल केलीत तुम्ही," मशीनवाला लॅपटॉपवरची नजर न हलवता म्हणाला. "पहिले आठ दिवस मशीनला बारापर्यंत प्रेशर चढवावं लागत होतं, तेव्हा कुठे तुमचा घसा उघडा राहायचा. नवव्या दिवसापासून सहा. श्वास थांबणं जवळजवळ बंदच. वजन उतरवलंत का?"

काकांनी पोट आत ओढून पाहिलं. ते काही फारसं ऐकेना.

बायको मात्र खुलली. ती नर्स होती. नवऱ्याच्या घोरण्याने भिंती हादरायच्या, त्याचं तिला काही नव्हतं. घोरणं मध्येच थांबायचं, तेव्हा तिचा जीव टांगणीला लागायचा. वर्षानुवर्षं ती रात्री त्याला गदागदा हलवत आली होती. कायमची रात्रपाळी लागली तेव्हा तिने राजीनामासुद्धा लिहून ठेवला होता. तेवढ्यात झोपेत मास्कमधून हवा सोडून श्वास चालू ठेवणारं हे मशीन आलं. आता वॉर्डात रात्री ती मोबाइल बघायची, 'मशीन चालू' दिसलं की मोबाइल खिशात टाकायची आणि निर्धास्तपणे कामाला लागायची. असे तीन महिने गेले होते.

आज ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी मास्क बदलून घ्यायचा होता. सुरुवातीला नवऱ्याच्या मिशीमुळे कडेने हवा सुटायची. नको नको म्हटलं तरी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या आणि दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या.

मशीनवाल्याने तीन मास्क मांडले. एक नुसता नाकावर बसणारा, एक नाकपुड्यांना टेकणारा, एक नाकतोंड दोन्ही झाकणारा.

"तोंड उघडं टाकून झोपता?"

"छे," नवरा म्हणाला.

"हो," बायको म्हणाली.

मशीनवाल्याने मुकाट्याने मोठा मास्क पुढे सरकवला. "आणि प्रेशर सहावरच पक्कं करून टाकतो. उगाच जास्त हवा कशाला? फक्त एक सांगा, रोज दोनला आणि साडेचारला मशीन दहा-दहा मिनिटं बंद असतं. बाथरूमला उठता?"

"हो हो," नवरा म्हणाला. जरा घाईनेच.

बायकोला हसू येणार होतं. उशाशी ढोल बडवला तरी कूस न बदलणारा माणूस हा! मग तिचं हसू आतल्या आत राहिलं. तिने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. असले आलेख वाचण्यात तिची हयात गेली होती. नवव्या दिवसापासून हवा कुठेच सुटत नव्हती. मिशी तर होती तशीच होती. आणि पाच वाजून दहा मिनिटांनी मशीन रोज बंद पडत होतं, ते थेट रात्रीपर्यंत. साडेसातला ती घरी पोचायची तेव्हा नवऱ्याला उठवायला दोन हाका माराव्या लागायच्या.

घरात पाचला उठणारं माणूस एकच होतं.

ती वळली. सासूबाईंच्या नाकावर लाल वण होता, गालांवरून कानांकडे दोन फिकट रेघा गेल्या होत्या. चष्म्याचे वळ समजून तिनेच मलम आणलं होतं, रोज स्वतःच्या बोटाने लावलं होतं.

"आई?"

सासूबाईंचा हात नाकाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. "त्याला कोंडल्यासारखं व्हायचं गं त्यात. अगदी रडवेला व्हायचा. म्हटलं, आण इकडे, मी घालते. मला तरी कुठे झोप येते? त्याच्याकडे लक्ष असायचं ना माझं. श्वास अडकला की हलवायचे मी."

"मला का नाही सांगितलंत?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "तू नोकरी सोडून घरी बसली असतीस. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून केलं सगळं. आणि तुला काय गं, मोबाइलवर मशीन चालू दिसलं की झालं!"

बायकोला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटली होती ती, आमच्याकडे आता काळजी मिटली म्हणून. सत्तरीच्या बाईचा श्वास मोजत ती तीन महिने खूश होती, आणि घरातली दोघं सकाळी तिच्या हातचा चहा घेत 'मस्त झोप लागली' म्हणत होती. दोघंही. तिच्या तोंडावर.

मशीनवाला कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होता. "मग... सहा?"

"बारा," ती म्हणाली. "सहावर ठेवलंत तर मरेल हा माणूस."

मशीनवाल्याने घाईघाईने आकडा बदलला. नवऱ्याला कोपऱ्यातल्या कोचावर आडवं केलं, मोठा मास्क चढवला, पट्टे एकेक घर सैल केले. "दहा मिनिटं पडून राहा. कोंडल्यासारखं वाटलं तर हात वर करा."

नवऱ्याने हात वर केला नाही. पाचव्या मिनिटाला त्याला झोप लागली. ना घोरणं, ना मध्येच ते थांबणं. छाती संथपणे वरखाली होत राहिली. सासूबाई खुर्चीतून उठून त्याच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकंच होतं होय," त्या पुटपुटल्या.

बाहेर पुढचं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. मशीनवाल्याने घड्याळ पाहिलं. "छान बसलाय मास्क. उठवा आता त्यांना."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिने पर्स खांद्याला लावली होती आणि दार अर्धं उघडलं होतं.

"तुम्हीच उठवा, आई," ती म्हणाली. "त्याला हलवायची सवय आता तुम्हाला. मी रात्री घरी नसते."