तिसरा गट

"काका, हे काय चाललंय?" केतकीने दारातूनच विचारलं. प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणारे शिंगटेकाका एका ओल्या उंदराला पुसून शेंगदाणा भरवत होते.

तीन महिने ती आपल्या प्रयोगाने हैराण होती. गढूळ पाण्यात बुडालेली पायरी उंदरांनी पोहून शोधायची. नंतर आठवण पक्की करणारं मेंदूतलं रसायन, डोपामिन, वाढवणारं इंजेक्शन दिलेल्यांना तिची जागा दुसऱ्या दिवशी आठवायला हवी, नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांना नाही. पण आठवत होती दोन्ही गटांना.

"मिठाच्या पाण्याचे हे बिचारे रोज वाट विसरायचे," काका ओशाळले. "म्हणून फक्त यांनाच देतो. पाण्याबाहेर आले की लगेच. उशीर केला, तर कशाबद्दल मिळाला ते त्यांना कळत नाही."

ओठांवर आलेलं रागाचं बोलणं केतकीने गिळलं. शेंगदाण्यानेही डोपामिनच वाढलं होतं. आणि वेळेचं हे गणित समजायला तिला दोन वर्षं, ढीगभर पुस्तकं लागली होती.

तिने वहीत तिसरा गट आखला: पोहून आल्यावर लगेच शेंगदाणा. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"तक्रार करणार का, मॅडम?"

"नाही. शोधनिबंधावर माझ्या नावाशेजारी छापायचंय."