दाराबाहेरची खुर्ची

सेमिसी आत आला तशी मेलेनाइते उठली. खुर्ची उचलून ती दाराबाहेर, भिंतीच्या आडोशाला जाऊन बसली.

"रागावली का ती?" समुपदेशक रोवेनाबाईंनी विचारलं.

"छे हो! ती सतराची, हा सोळाचा. आम्हा टोंगन लोकांत वयात आलेले बहीणभाऊ एका खोलीत बसत नाहीत. एकमेकांचा मान असतो," त्या दोघांची आई, लेसिएली म्हणाली. वर जरा तोऱ्यातच, "तुमच्या ऑकलंडात राहून एवढं तरी सांभाळलंय आम्ही."

सेमिसीला बारावं लागलं तेव्हा तिनेच त्याचं अंथरूण गॅरेजमध्ये हलवलं होतं. गावी तिच्या भावांचीही झोपडी वेगळीच होती, आणि त्यांच्यातला एकही बिघडला नव्हता. मग हाच कसा नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला? हल्ली ती त्याचे कपडे हुंगायची, डोळे निरखायची, गॅरेजच्या दाराला कान लावून उभी राहायची. आत मात्र जायची नाही.

ही शेवटची बैठक. आज पोरगा बोलला नाही, तर शनिवारच्या विमानाने त्याची रवानगी टोंगातल्या वावाऊ बेटावर, मामाकडे. मामा आधी हात उचलायचा, मग विचारायचा. लेसिएलीला ते ठाऊक होतं. तरी तिकीट काढून झालं होतं.

अर्धा तास गेला. सेमिसी बुटाच्या टोकाकडे बघत बसला.

"बोल की! चर्चमध्ये गाताना छप्पर उडवायचास, आता काय जीभ गिळलीस?" लेसिएलीचा आवाज चिरकला. "दोन दिवस इस्पितळात बेशुद्ध पडला होतास. आम्ही सगळे तुझ्याभोवती बसून होतो, पाण्याचा घोटसुद्धा घशाखाली उतरत नव्हता. मरता मरता वाचलास, आणि महिन्याभरात पुन्हा त्याच गोळ्या! का रे? मरायचंच होतं का तुला?"

"नाही."

"मग?"

सेमिसीने पहिल्यांदाच मान वर केली. आईकडे नाही, दाराकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर आलो होतो, आई. मेलेनाइते उशाशी बसली होती. माझ्या केसांतून हात फिरवत लहानपणीचं काहीबाही बोलत होती. डोळे उघडले असते, तर ती उठून गेली असती."