पिन आजीची पिशवी

पूर ओसरला आणि प्रांताच्या कचेरीतून घरटी एक मदतीची पिशवी आली. गावप्रमुख प्रयूनने घरातूनच माइकवर घोषणा केली. गावाबाहेरच्या विहारावरचे भोंगे घुमले. मग तो बायकोला म्हणाला, "अगं, एक पिशवी तुझ्या भावाला काढून ठेव. पिन आजी ठार बहिरी, तिला कुठली घोषणा ऐकू जातेय!"

विहारात प्रयूनच्या हातून लोकांनी पिशव्या नेल्या. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

तो घरी टेकतोय तोच दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पिन आजी आली. "अरे प्रयून, जो तो मलाच पिशवी देऊन गेला बघ! वाटता वाटता तुला उरली नसेल, ही ठेव."

प्रयूनची नजर माइकवर गेली. लाल दिवा पेटलेलाच होता.



सकाळचं त्याचं बोलणं अख्ख्या गावात एकट्या आजीलाच ऐकू गेलं नव्हतं.